लाल फडक्यातली पुस्तकं

“...मग आता कुठलं पुस्तक राहिलं, तेवढं सांगा बुवा. एकच. म्हणजे मी निर्धास्त झालो.”

मठाच्या ओसरीवर अवधूतबुवा सुपात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिनकर मोहिते वाट बघत राहिला. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून त्याचा जन्म गेला होता. विचारलं की लगेच उत्तर यायला हवं, ही त्याची जुनी सवय. त्यात गावातून मठापर्यंतचा खडा चढ चढून आलेला. खांद्यावर जडशीळ पिशवी. वाटेत दोघातिघांनी हात पुढे केला होता, पण त्याने ती कोणाला धरू दिली नाही.

“हं,” बुवा म्हणाले. “राहिलं कुठलं ते मग. आहेत कुठली ते बघू.”

दिनकरने एकेक गठ्ठा काढून ओसरीवर मांडला. सगळे लाल फडक्यात, वर नाडीची गाठ.

“पोथ्या?”

दिनकर हसला. त्या हसण्यात चांगलीच शेखी होती.

“तसं वाटावं म्हणूनच बांधल्यात.”

त्याने गाठी सोडल्या. प्रथमोपचाराचं एक, साप-विंचवाचं एक. पुराच्या दिवसांत पाणी कसं शुद्ध करावं, त्याचं. रानातल्या खाण्याजोग्या पाल्याचं, चित्रांसकट. अडलेल्या बाळंतिणीचं तर चांगलं जाडजूड. बाहेरचं सगळं बंद पडलं तरी माणूस कोणावाचून अडू नये, असा सगळा सरंजाम होता.

“पुस्तक दिसलं की लोक वाचायला मागतात, बुवा. नेलं की परत देत नाहीत. नेमकं गरजेला घरात नाही! पोथी कोणी मागत नाही. पाया पडतात आणि जातात.”

बुवांनी एक फडकं उचलून पाहिलं. त्यावर पिवळे-तांबडे डाग पडले होते.

“हे काय?”

“शेजारची म्हातारी. खोपड्याची आई. दर गुरुवारी येते आणि हळदकुंकू वाहून जाते.”

“कशाला?”

दिनकरने आतलं पुस्तक बघितलं. “...विंचूदंशाला.”

बुवांचं पोट हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. दिनकरही हसला, पण त्याचं हसू लवकर आटपलं.

“खोपडे म्हणजे तो जीपवाला? तुझा दोस्त ना?”

“होता. बोलणं नाही आता. म्हातारीला ते कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ती येते.”

बुवा शेंगा सोलत राहिले. दिनकरला गप्प बसवेना.

“गेल्या श्रावणात दरड आली, तुम्हाला ठाऊकच आहे. रस्ता बंद. फोन बंद. पहाटेच आईला श्वास लागला. खाटेवर घालून दरडीपलीकडे न्यायची तर दुसरा माणूस पाहिजे. मी खोपड्याचं दार वाजवलं. नाही उघडलं त्यानं.”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“परत आलो. मला काही येत नव्हतं, बुवा. डोकं उंच ठेवायचं का पाय, तेही माहीत नाही. नुसता तिचे तळवे चोळत बसलो. उजाडता उजाडता गेली.”

दिनकर खाकरला.

“त्या दिवशी ठरवलं. पुन्हा म्हणून कोणाचं दार वाजवायचं नाही. जे लागेल ते आपल्याला आलं पाहिजे.”

“पाऊस होता?”

“धो धो. शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येत नव्हता.”

“का उघडलं नाही, ते विचारलंस त्याला?”

दिनकरने मान फिरवली.

“तो आला होता, बाराव्याला. पाय धुवून ओसरीवर बसला. मी आत निघून गेलो.”

शेंगांचा आवाज थांबला होता.

“पाऊस तोंडावर आलाय, बुवा. रस्ता पुन्हा बंद होणार. पोरगी बाळंतपणाला आलीय, पहिलटकरीण. म्हणून विचारतो. काही राहिलं असलं तर आत्ताच सांगा.”

बुवांनी हात झटकले. सूप बाजूला सरकवलं. आणि सारवलेल्या जमिनीवर हळूच आडवे झाले, उताणे, एक पाय वाकडा करून.

“बुवा! काय होतंय?”

“मी दिनकर मोहिते आहे,” बुवा म्हणाले. “पाय मोडलाय. काढ पुस्तक.”

दिनकरच्या जिवात जीव आला. परीक्षाच होती तर! परीक्षेला तो कधी भ्याला नव्हता.

“पुस्तक कशाला? पाठ आहे मला.”

“पाठ नको. वाच.”

त्याने पान काढलं. त्याला शोधावंही लागलं नाही. फळ्या कशा बांधायच्या, त्या ओळींखाली त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या. तिथून त्याने सुरुवात केली.

“वरपासून,” बुवा म्हणाले.

वरच्या ओळींखाली रेघ नव्हती. त्याने चष्मा सारखा केला.

“‘जखमी माणसाला जागचं हलवू नये. त्याला धीर द्यावा. जवळच्या कोणाला तरी हाक मारून ताबडतोब बोलावून घ्यावं. त्यानंतर दोन सरळ फळ्या...’”

“थांब.”

तो थांबला.

“मी दिनकर. मग वाचणारा तू कोण?”

“मी? मी... दिनकर.”

“तो तर इथं पडलाय. कण्हतोय. तू कोण?”

दिनकरने पुस्तकाकडे बघितलं. मग बुवांच्या वाकड्या पायाकडे. बायको, हे त्याच्या तोंडावर आलं होतं. पण ती पोरीपाशी असणार, आणि एकटीनं मोडका गडी उचलायचा कसा? गावात घरं पुष्कळ होती. एकाच घराची भिंत त्याच्या भिंतीला लागून होती.

त्याने चष्मा काढून हातात धरला.

“...खोपडे,” तो म्हणाला. स्वतःलाच ऐकू जाईल एवढ्यानं.

“बोलाव त्याला.”

“बुवा, उठा आता. समजलं मला.”

“समजून हाड सांधतं का?”

“खाली गार आहे. तुमचं वय झालं. सांध्यांना ते...” त्याने बुवांच्या मानेखाली हात घालायला घेतला.

“हलवू नये असं लिहिलंय. आत्ताच वाचलंस.”

बुवांनी डोळे मिटले. पोटावर हात ठेवून ते शांत पडून राहिले. दिनकरने पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. खाली गावातली कौलं दिसत होती. दोन घरांची कौलं अगदी खेटून, कुठलं कोणाचं ते इथून ओळखू येत नव्हतं. त्याला बुवांचा राग आला. मग खोपड्याचा आला. मग आईची आठवण आली, आणि राग कोणावर धरायचा तेच कळेना.

तो उठला. पायांत चपला घातल्या. पिशवी घ्यायला वाकला, आणि न घेताच सरळ झाला.

पायऱ्यांपर्यंत गेला. तिथून परत फिरला.

“बुवा...”

“हं.”

“आणि त्यानं... त्यानं दार उघडलं नाही तर?”

विचारायचं होतं सहज. आवाज मात्र त्या पहाटेचा निघाला.

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“तर पुन्हा वाजव. माझा पाय मोडलाय.”