बसायचा तास

“पण गुरुजी, यात माझी चूक नेमकी कुठं आहे, तेवढं तरी सांगा.”

बोंद्रे गुरुजी मल्लखांबाला एरंडेल चोळत राहिले.

विचारत होते टेकाडे सर. हेमराज टेकाडे, आमच्या तालुक्याच्या शाळेतले पीटीचे मास्तर. याच व्यायामशाळेत, याच गुरुजींच्या हाताखाली लहानाचे मोठे झालेले. गेल्या आठवड्यात त्यांच्या तासाला समीक्षा नावाची सातवीतली पोरगी मैदानात पडली. दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं होतं. उन्हानं झालं, असं डॉक्टर म्हणाले.

या भेटीच्या दुसऱ्या दिवशी चौकशी समिती येणार होती. समितीनं गुरुजींचंही मत विचारायचं ठरवलं होतं. जिल्ह्यातले निम्मे पीटी मास्तर त्यांच्याच हातचे, आणि म्हातारा खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत. ते म्हणतील तसं होणार. सरांची नोकरी राहायची की जायची, आणि त्या पोरीच्या मरणाचा डाग कपाळावर यायचा की नाही, सगळं त्या एका शब्दावर होतं.

“गुरुजी, मी मारलं नाही, शिवी दिली नाही. रोजच्याच फेऱ्या होत्या. सगळी पोरं पळत होती.”

“हं.”

“तिनं एका शब्दानं सांगितलं नाही की मला बरं वाटत नाही म्हणून. सांगितलं असतं तर मी काय राक्षस आहे का?”

गुरुजींनी तेलाची वाटी खाली ठेवली. पुन्हा उचलली.

आता टेकाडे सरांबद्दल दोन शब्द सांगतो. माणूस वाईट नाही, पण ताठा असा की जणू मानेत काठी घातलीय. त्यांच्या शाळेची कवायत बघायला रस्त्यावरची माणसं सायकली थांबवायची. एक शिट्टी, अख्खी शाळा वळली. दुसरी शिट्टी, अख्खी शाळा दगड. नाकावर माशी बसली तरी पोरगं हलायचं नाही. हेडमास्तर खूश, आईबाप खूश. आम्हीही खूश होतो, उगाच नाही कशाला म्हणायचं.

आणि सरांची ती जुनी गोष्ट तर आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ आहे. चौथीत असताना हेमराज बाकी सगळे थांबले तरी पळत राहिला. पळता पळता ओकला, तोंड पुसलं आणि परत पळाला. तेव्हा गुरुजींनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली होती. पोरगं असावं तर असं, म्हणून लोक अजून सांगतात.

सरांनी पिशवीतून एक मोठा तक्ता काढला आणि गुरुजींपुढं जमिनीवर पसरला.

“हे बघा. रात्रंदिवस बसून केलंय. समितीला दाखवणार आहे. यापुढं माझा तास असा चालेल.”

तक्ता खरंच छान होता. आधी अंग मोकळं करायचे प्रकार, मग सावलीतले खेळ, दोरीच्या उड्या, रंगीत चेंडू. दर महिन्याला पोरांची तपासणी. मधे मधे निळ्या पेनानं पाण्याचे पेले काढलेले.

गुरुजींनी एका पेल्यावर बोट ठेवलं. तेलाचा डाग पडला.

“हे काय?”

“पाण्याची सुट्टी.”

“पोरांनी पाणी केव्हा प्यायचं?”

“शिट्टी वाजली की.”

“आणि तहान आधी लागली तर?”

सर जरा हसले. “गुरुजी, तुम्हाला माहीत आहे. असं ज्याला त्याला सोडलं तर मैदानाचा बाजार होतो.”

गुरुजी तक्त्याकडं बघत बसले.

“यात बसायचा तास कुठाय?”

सरांना पटकन आठवेना. मग आठवलं.

हा तास गुरुजींचाच. फार जुना. शाळा उघडली की पहिला आठवडा त्यांच्याकडं खेळ नाही, कवायत नाही. पोरांनी पळायचं, आणि दम लागला की कोणाला न विचारता आहे तिथं खाली बसायचं. बसणाऱ्यासाठी गुरुजी टाळी वाजवायचे. पोरं खिदळायची. पळायचं शिकवणारे मास्तर सगळीकडं असतात, बसायचं शिकवणारा एकच. हेमराज ओकेपर्यंत पळाला आणि गुरुजींच्या खांद्यावर बसला, तो याच तासाला. त्यानंतर त्या तासाला कोणी बसेना. दोनचार वर्षांत तो तास बंदच पडला.

“तो पोरखेळ होता, गुरुजी,” सर म्हणाले. “तुम्हीच सोडून दिला ना.”

“हो. मीच सोडला.”

गुरुजी उठले. कोपऱ्यातला एक जड लाकडी मुद्गल, व्यायामाला फिरवायचा, त्यांनी आणला आणि सरांच्या उजव्या हातात दिला.

“हात खांद्याच्या रेषेत. आडवा. असा धर.”

“आता?”

“आता.”

सरांनी धरला. शरीर कमावलेलं होतं, हात सरळ काठीसारखा. चेहऱ्यावर असंही दिसत होतं की म्हातारा परीक्षा घेतोय, घेऊ दे.

गुरुजी परत मल्लखांबाकडं गेले. तेल घेतलं. चोळायला लागले. वरून खाली, खालून वर, एका तालात. सरांकडं पाठ.

बाहेर कुणीतरी जनावरं हाकत गेलं. मग तेही शांत झालं.

सरांच्या कपाळावर घाम आला. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

गुरुजी तेल चोळत होते...

हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग खांदा. सरांनी दात आवळले.

“गुरुजी.”

उत्तर नाही.

“गुरुजी, ठेवू का खाली?”

गुरुजींनी वाटीत बोटं बुडवली.

“गुरुजी... ठेवू का?”

म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. त्याचे कान अजून ठणठणीत आहेत.

सरांचा चेहरा काळानिळा झाला. डोळ्यांत पाणी आलं. तरी हात खाली येईना. शेवटी बोटांनीच दगा दिला आणि मुद्गल निसटून पायाजवळच्या लाल मातीत पडला. अंगठा थोडक्यात वाचला.

सर मटकन खाली बसले. खांदा धरून बसले.

आता कुठं गुरुजी वळले.

“कोणी सांगितलं होतं एवढा वेळ धरायला?”

“तुम्ही... तुम्ही धर म्हणालात.”

“दुखत होतं?”

“जीव जात होता.”

“मग काहून नाही ठेवला?”

सर मातीत पडलेल्या मुद्गलाकडं बघायला लागले.

“मी काही तुला बांधून ठेवलं नव्हतं. दार उघडं आहे. वयानं चाळिशी गाठलीस, घरी लेकरं आहेत. एवढा मोठा माणूस, आणि मला विचारतोस, ठेवू का म्हणून.”

“तुम्ही गुरुजी आहात माझे.”

“तू तिचा कोण होतास?”

सरांच्या गळ्यात शिट्टी होती. लाल दोरीची. इतकी वर्षं गळ्यात असल्यामुळं ती घालून आलोय हेही त्यांच्या ध्यानात नसावं. त्यांनी ती हातात घेतली, आणि मग त्यांचं काहीतरी आतून मोडलं.

“ती माझ्याकडं बघत होती, गुरुजी.”

गुरुजी ऐकत राहिले.

“शेवटच्या फेरीत. मैदानाच्या पलीकडून. पळत होती आणि सारखी माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं. मला दिसत होतं. मी काही आंधळा नाही...”

“मग?”

“बाकीची पोरं रडकी तोंडं करतात. ही नव्हती करत. पाय वाकडे पडत होते तरी पळत होती.” सरांचा आवाज चिरका झाला. “मला बरं वाटलं हो. मी मनात म्हटलं, ही पोरगी माझ्यासारखी आहे.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा धिप्पाड माणूस हुंदके द्यायला लागला. शिट्टी बोटांत तशीच अडकलेली होती, आणि श्वासाबरोबर तिच्यातून बारीक आवाज निघत होता.

गुरुजींनी त्यांच्या बोटांतून ती हळूच सोडवली. दोर गळ्यातून काढला. शिट्टी तक्त्यावर, त्या निळ्या पेल्यांवर ठेवून दिली.

मग तेही गुडघ्यावर हात टेकत टेकत, कण्हत, सरांच्या शेजारी मातीत बसले. गुरुजींना असं मातीत बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. आता दोघंही बसले होते. एकमेकांकडं बघत नव्हते.

सरांनी डोळे पुसले. घसा खाकरला. ज्यासाठी आले होते ते अजून बाकीच होतं.

“उद्या ते लोक येतील, गुरुजी.”

“येतील.”

“चूक माझी होती, असं सांगाल?”

गुरुजींनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

“मग काय सांगाल?”

गुरुजी आपल्याच उजव्या खांद्यावर हात फिरवत राहिले...

“सांगीन,” ते म्हणाले, “की त्या दिवशी तुला खांद्यावर मी घेतलं होतं.”