सुरय पक्ष्यांचा वाटा

सागाचे रान उतरत उतरत जिथे पाण्याला भिडते, तिथे एक मोठा तलाव होता. त्याच्या काठावरच्या खडकाच्या कपारीत एक रानमांजर आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. मासे म्हणजे तिचा जीव की प्राण, पण पोहायचे म्हटले की तिच्या अंगावर काटा येई. काठाजवळच्या उथळ पाण्यात पंजा घालून मिळतील ते मासे ती पकडत असे आणि त्यावर तिचे भागत असे. उन्हाळा चढला की मात्र उथळ पाणी तापे आणि मासे खोल पाण्यात निघून जात. मग ती काठावर बसून नुसती तलावाकडे बघत राही.

त्याच काठावर एक म्हातारा वानर एकटाच राहत होता. एका तरण्या नराने त्याला टोळीतून हुसकावून लावले होते. तलावाच्या मध्यावर एक बेट होते आणि तिथली उंबराची झाडे फळांनी लगडलेली असत. वानराचा सारा जीव त्या उंबरांवर, पण तिथे पोचायचे कसे, हे त्याला सुचत नव्हते. अशात एका पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या नदीला पूर आला आणि वरच्या गावाकडच्या कुणा कोळ्याची लहानशी होडी वाहत येऊन झुडपात अडकली. होडीत एक वल्हे होते आणि लांब दोरीला बांधलेला एक गळही होता.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा वानराने रानमांजरीला गाठले. तो म्हणाला, "ताई, मला हात आहेत आणि तुला दात आहेत. मी होडी वल्हवतो, तू दोरी धर. वाटेत बेटावर थांबून मी चार उंबरं खाईन, तेवढा वेळ होडी वाहून जाऊ देऊ नकोस, म्हणजे झालं."

रानमांजरीने आधी होडीला नाक लावून पाहिले, मग पाण्याकडे पाहिले, मग कपारीत झोपलेल्या पिल्लांकडे. "हलणार नाही ना फार?" तिने विचारले.

"हलेल की. पाण्यावर आहे ती," वानर म्हणाला. आणि ती डोळे मिटून होडीत चढली.

त्या तलावाच्या खोल पाण्यात रुपेरी अंगाचे, काळ्या पट्ट्यांचे दांडगे मासे होते. एक मासा पकडला तर दोन पिल्लांचे दोन दिवसांचे जेवण होई. पण ते सापडणे सोपे नव्हते. इतर मासे एखाद्या खडकाच्या आडोशाला किंवा शेवाळात घर करून राहतात. या पट्टेरी माशांना घरच नव्हते. वानर सांगत असे, "यांची आई तळ्यातली आणि बाप नदीतला. तळ्यातले मासे यांना नदीचे म्हणतात आणि नदीतले म्हणतात तळ्याचे. म्हणून बिचारे आपली टोळी धरून दिवसभर फिरत असतात. आत्ता इथे, तर घटकाभरात पलीकडच्या काठाला."

पहिले काही दिवस दोघे नुसते भटकले. मग एका सकाळी त्यांना दूरवर पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा पाण्यावर घिरट्या घालताना दिसला. ते सुरय होते. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. मोठा कलकलाट करत ते एकामागून एक पाण्यात झेपावत होते आणि चोचीत बोटाएवढी मासोळी घेऊन वर येत होते. वानराने होडी तिकडे नेली, तेव्हा रानमांजरीला कळले की तिथे पाणी उकळल्यासारखे का दिसते आहे. खालून पट्टेरी माशांची टोळी मासोळ्यांना वर रेटत होती आणि वरून सुरय त्यांना टिपत होते.

घाईघाईने ते होडी घेऊन थेट मध्यावर घुसले, आणि क्षणात सगळे पाणी शांत झाले. वल्ह्याच्या आवाजाने मासे तळाला गेले होते. पण दोघे त्यातून शिकले. पुढच्या वेळी वानराने लांबच वल्हे उचलून ठेवले आणि वाऱ्याला होडी नेऊ दिली. एक मासोळी गळाला लावून त्याने दोरी सोडली. रानमांजरीने दोरीचे टोक दातांत धरले. थोड्या वेळाने दोरी अशी थरथरली की तिच्या मिशांपर्यंत कंप गेला, आणि मग एकदम ताणली गेली. होडीचे तोंडच फिरले. रानमांजरीने चारही पंजे होडीच्या फळ्यांत रोवले, वानराने तिच्या कमरेला मिठी मारली, आणि बऱ्याच झटापटीनंतर एक पट्टेरी मासा होडीत येऊन पडला. तो तिच्या पिल्लांपेक्षा मोठा होता.

तेव्हापासून दोघांचे छान जमले. सकाळी काठावर बसून कान द्यायचा, सुरय ओरडू लागले की होडी काढायची, दूर थांबायचे, एक-दोन मासे घ्यायचे, बेटावर उंबरं खायची आणि परतायचे. पिल्ले बाळसे धरू लागली. वानराच्या अंगावरचे केसही पुन्हा चमकू लागले.

पण पोट भरलेले असले की डोळे दुसऱ्याच्या ताटाकडे जातात. एक दिवस दोरी दातांत धरून बसली असताना रानमांजर पक्ष्यांकडे बघत होती. तिच्या मनात आले, पट्टेरी मासे मासोळ्या खाऊन मोठे होतात, आणि हे सुरय तर त्याच मासोळ्या पळवत आहेत. आज मासोळ्या कमी झाल्या, तर उद्या मासे कमी होतील आणि परवा माझी पिल्ले उपाशी राहतील. दुसऱ्या दिवशी तिला पक्षी जास्त दिसले. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाजही तिला सोसवेना.

सुरयांची घरटी तलावातल्या एका वाळूच्या पट्टीवर होती. घरटी कसली, वाळूत उकरलेले नुसते खळगे, आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. चहूकडे खोल पाणी असल्याने तिथे कोणी पोचत नसे. रानमांजर वानराला म्हणाली, "दादा, आज होडी त्या वाळूकडे घे."

वानराने तिच्याकडे पाहिले. "कशाला गं? त्यांनी काय बिघडवलंय आपलं?"

"तू उंबरं खातोस. मासा कमी पडला तर तुला कळायचं नाही," ती म्हणाली. वानराने होडी वळवली.

ती वाळूवर उतरताच सारा थवा आकाशात उडाला. एक म्हातारी पक्षीण तेवढी आपल्या खळग्यापाशी थांबली. ती म्हणाली, "बाई, आम्ही वरवरचं घेतो, तू खालचं घेतेस. तुझ्या माशाला आम्ही कधी चोच लावली नाही."

"तुम्ही खाता तो प्रत्येक घास माझ्या माशाच्या तोंडचा आहे," रानमांजर म्हणाली, आणि शेपटी आपटत त्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. पायाखाली काय येते आहे ते तिने पाहिले नाही. परतताना तिचे पंजे पिवळे झाले होते. वानर होडीत पाठ फिरवून बसला होता. त्या दिवशी परतताना त्याने बेटावर होडी थांबवली नाही.

सुरय तलावाचा तो भाग सोडून गेले. सकाळी रानमांजर नेहमीसारखी काठावर येऊन बसली. तलाव शांत होता. तिला बरे वाटले. "चल दादा, आता सगळे मासे आपलेच," ती म्हणाली.

"कुठे जायचं?" वानराने विचारले.

तेव्हा तिच्या लक्षात आले की हे तिला सांगता येत नाही. काल जिथे मासा लागला होता तिथे ते गेले. काही नव्हते. बेटाच्या मागे गेले, नदी येऊन मिळते तिथे गेले. होडीत बसलेल्याला पाण्यावर उन्हाची चकाकी तेवढी दिसते. एकदा अगदी लांब पाणी उसळल्याचा भास झाला, पण वल्हवत तिथे पोचेपर्यंत लाटासुद्धा विरून गेल्या होत्या. असे दिवसांमागून दिवस गेले. मासे तलावातच होते, मासोळ्याही होत्या, आणि त्यांच्यावरून होडी रिकामी जात येत होती. वानराचे खांदे दुखू लागले. धाकटे पिल्लू खेळायचे थांबले आणि आईच्या पोटाशी पडून राहू लागले.

एका संध्याकाळी वल्हे खाली ठेवून वानर म्हणाला, "ताई, रागावू नकोस. त्यांना वरून सगळा तलाव दिसायचा. आपल्याला ते दिसायचे. आपल्याला मासा कधी दिसलाच नव्हता."

सकाळी रानमांजरीने स्वतःहूनच पिल्लांना तोंडात धरून होडीत ठेवले आणि म्हणाली, "ते कुठे गेलेत ते शोधू."

सुरय तलावाच्या पार वरच्या टोकाला सापडले. तिथल्या एका खडकाळ उंचवट्यावर त्यांनी पुन्हा अंडी घातली होती. ते आले तेव्हा भोवती पाणी असणार, पण उन्हाने पाणी ओसरले होते आणि काठापासून त्या उंचवट्यापर्यंत चिखलाची एक अरुंद वाट उघडी पडली होती. चिखलात कोल्ह्याची पावले उमटली होती. वाटेच्या अर्ध्यापर्यंत येऊन ती परत गेली होती. अजून चिखल ओला होता. तो वाळण्याचीच कोल्हा वाट बघत असणार.

तिला पाहून पक्ष्यांनी आकांत मांडला. म्हातारी पक्षीण पुढे आली. तिच्याजवळ या वेळी अंडे नव्हते. ती शांतपणे म्हणाली, "आता कशासाठी आलीस?"

"माझं चुकलं," रानमांजर म्हणाली. "परत चला. मी पुन्हा तिकडे पाऊल ठेवणार नाही."

"अंडी उचलून नेता येत नाहीत. आणि तुझ्या बोलण्यावर आम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?" पक्षीण म्हणाली. "आणि एक ऐक. आम्ही कधी तुझ्यासाठी ओरडलो नव्हतो. भूक लागते, मासोळी दिसते, म्हणून ओरडतो. ते ऐकून तू यायचीस, तर आमची काही हरकत नव्हती. एवढंच आपलं नातं होतं."

रानमांजर वळली, पण होडीकडे गेली नाही. चिखलाची वाट जिथे काठाला मिळत होती, तिथे एका दगडावर जाऊन बसली. वानराने पिल्लांना तिच्यामागच्या झुडपात आणून सोडले. त्या झुडपात उंदीर होते, चिखलात खेकडे होते. मासे खाणाऱ्या जिभेला ते गोड लागत नव्हते, पण पिल्ले जगत होती. वानर काठावरच्या झाडांचा कोवळा पाला खाऊन राहिला. उंबरांचे नाव त्याने काढले नाही.

चिखल वाळला आणि कोल्हा आला. वाटेत रानमांजर बसलेली पाहून तो थबकला, मग हसून म्हणाला, "अरे वा, तू आधीच आलीस वाटतं. अंडी पुष्कळ आहेत, दोघांना पुरतील."

"इथून पुढे जायचं नाही," ती म्हणाली.

"हे तू सांगतेस? वाळूवरची अंडी कोणी तुडवली ते साऱ्या रानाला ठाऊक आहे."

"मीच तुडवली," रानमांजर म्हणाली. "म्हणून तर इथे बसले आहे."

कोल्ह्याने तिला चुकवून जायचा प्रयत्न केला. तिने झडप घातली. दोघे वाळलेल्या चिखलावर लोळले, तिचा एक कान फाटला, कोल्ह्याच्या नाकातून रक्त आले. वानर वल्हे घेऊन धावत आला तेव्हा कोल्हा मागे सरला आणि रानात निघून गेला. त्यानंतर तो दोनदा येऊन लांबूनच बघून गेला. रानमांजर जागची हलली नाही.

अंडी फुटून पिल्ले बाहेर आली. आता चिमण्या तोंडांना भरवायचे म्हणून सुरयांची दिवसभर धावपळ सुरू झाली. एका सकाळी त्या खडकाळ टोकासमोरच, खोल पाण्यावर, थवा घिरट्या घालू लागला आणि त्यांचा कलकलाट काठापर्यंत आला. रानमांजरीने कान टवकारले, पण ती उठली नाही. म्हातारी पक्षीण तिच्या डोक्यावरून उडत गेली आणि म्हणाली, "तोवर वाटेवर मी लक्ष ठेवते. जा, तुझीही पिल्लं उपाशी आहेत."

वानराने होडी काढली आणि लांबच थांबवली. दोरी ताणली गेली, रानमांजरीने पंजे रोवले आणि एक पट्टेरी मासा होडीत आला. दुसऱ्यासाठी वानर गळाला मासोळी लावू लागला, तेव्हा ती म्हणाली, "आज एवढाच पुरे." एक सुरय होडीच्या अगदी जवळ पाण्यात सूर मारून मासोळी घेऊन गेला. पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडाले. तिने डोळे मिटून घेतले आणि तशीच बसून राहिली.

दोन दिवसांपुरते तिच्या पिल्लांचे पोट भरले. पुढे सुरयांची पिल्ले उडायला शिकली, तेव्हा रानमांजरीचे धाकटे पिल्लू त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आई, मोठे पक्षी एवढे पुष्कळ आणि पिल्लं एवढी थोडीच का गं?"

गप्प राहिली असती तर पिल्लाला कधी कळले नसते. पण ती म्हणाली, "बाकीची मी तुडवली, बाळा." आणि मग तिने त्याला पहिल्यापासून सगळे सांगितले.

तात्पर्य : ज्यांच्यामुळे आपल्याला आपला घास सापडतो, त्यांच्या घासावर डोळा ठेवू नये, आणि हातून नुकसान झालेच, तर नुसते चुकले म्हणून थांबू नये, उरलेले राखायला बसावे.