तांबू घोडीची पाळी

फार पूर्वी रानातल्या प्राण्यांनी हौसेनं रपेट मंडळ काढलं. सभासदानं वर्गणी म्हणून गवताची पेंढी आणायची आणि तांबू घोडीच्या पाठीवर बसून हिंडायचं. एका उन्हाळ्यात गवत करपलं, वर्गणी थांबली. मंडळ बंद पडायची वेळ आली.

"मीही सभासदच ना?" तांबू म्हणाली. "मग मला कधी बसवणार?"

सगळे खो खो हसले, पण शेळीनं खरंच गाडा आणला. तांबू ऐटीत वर बसली. ससे, माकडं, शेळ्या गाडा ओढू लागले. नदीपलीकडच्या हिरव्या रानातले प्राणी ही गंमत बघायला लोटले.

"बघायचंय? मग पेंढी टाका!" माकड ओरडलं. संध्याकाळपर्यंत गवताची गंजी उभी राहिली.

तांबू थरथरत उतरली. "अगं बाई, वर बसलं की पोटात गोळा येतो, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

धापा टाकत शेळी म्हणाली, "आणि ओढताना एवढा दम लागतो, हे तू तरी कुठे सांगितलंस?"