हणमंतची उंच गाडी

"मग आता अजून काय बसवू, उस्ताद?"

गनी उस्ताद दोन पावलं मागं सरले. ते गाडीकडे बघत होते. गाडी एवढी उंच होती की बघायला मान वर करावी लागत होती.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी उस्तादांचं गॅरेज. हणमंत शेलारनं इथंच पाना धरायचं शिकून घेतलं होतं. मग त्यानं घाटावर, पाटणकडे स्वतःचं गॅरेज टाकलं, नाव कमावलं, आणि इकडची वाट विसरला. आज आला होता तो स्वतःचा छोटा ट्रक घेऊन. सकाळपासून घाट उतरून हाताला रग लागली होती आणि डोळे चुरचुरत होते.

"काय काय केलंस?" उस्तादांनी विचारलं.

"ओढ्यात गाडी अडकली होती पावसाळ्यात. म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून उंच केली."

"ओढा केवढा?"

"गुडघाभर."

उस्तादांनी पुन्हा मान वर करून गाडीकडे बघितलं.

हणमंतनं नजर चुकवली. "बरी दिसत होती उंच... लोक थांबून बघायचे. मग मोठी चाकं घातली. ती जुन्या इंजिनाला ओढवेनात. म्हणून भंगारातल्या मोठ्या ट्रकचं इंजिन टाकलं. त्याच्या वजनानं नाक खाली गेलं. पुढं जादा पाटे भरले. तर आता खड्ड्यात उड्या मारते. वळणावर स्टेअरिंग फिरवलं तरी आधी सरळच जाते, मग वळते. सरळ रस्त्यावरसुद्धा सारखी धरून ठेवावी लागते."

बोलता बोलता तो पायरीवर बसला. एवढं सगळं एका दमात कुणाला सांगितलं नव्हतं त्यानं. घरी सांगायला कुणी उरलं नव्हतं.

"विलास कुठाय?" उस्तादांनी विचारलं.

विलास हणमंतचा धाकटा भाऊ. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायला दोघं रोज पहाटे, गॅरेज उघडण्याआधी, याच ट्रकनं बरोबर जायचे. हणमंत चालवायचा, विलास शेजारी बसायचा.

"गेल्या महिन्यात घाटात मधेच म्हणाला, थांबव. उतरला, आणि एसटीनं घरी गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

"काय म्हणाला उतरताना?"

"काही नाही."

...

"भित्रा आहे तो," हणमंत म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

उस्तादांनी हात पुढं केला. हणमंतनं चावी दिली. उस्तादांना चढायला त्रास झाला, गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागला. हणमंत सवयीनं त्यांच्याच बाजूला उभा राहिला.

"पलीकडे बस."

तो वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. त्या जागेवर तो कधीच बसला नव्हता.

उस्ताद घाट चढू लागले. जोरात नाही, कुणीही चालवील तसंच. पहिल्या वळणावर गाडीचं नाक सरळ दरीकडे गेलं, क्षणभर तसंच जात राहिलं, आणि मग सगळं धूड कलंडल्यासारखं झुकून वळलं. काचेतून हणमंतला रस्ता दिसला नाही. खाली झाडांचे शेंडे दिसले.

पुढचं वळण. परत तेच.

त्याच्या पुढच्या वळणावर त्यानं खिडकीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

रस्ता थोडा रुंद झाला तिथं उस्तादांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"तुझ्या पायाखाली काय आहे?"

"पत्रा."

"मग दाबत काय होतास?"

हणमंतनं खाली बघितलं. त्याचा उजवा पाय अजून ताठ होता, नसलेल्या ब्रेकवर रोवलेला. त्यानं तो हळूच उचलला.

पायाखालचं रबरी पायपुसणं त्यानंच दिवाळीत नवं घातलं होतं. बाकी सगळं काळंभोर होतं. फक्त त्याचा पाय होता तेवढ्या जागी ते झिजून आरपार गेलं होतं, आणि खालचा पत्रा घासून चकाकत होता.

...

खालून एक एसटी कण्हत वर आली आणि निघून गेली.

"तो रोज बसायचा इथं," हणमंत म्हणाला.

उस्ताद समोर बघत राहिले.

"एकदा तरी बोलायचं त्यानं."

उस्ताद समोरच बघत राहिले.

"मी ऐकलं नसतं," हणमंत म्हणाला.

उस्तादांनी गाडी वळवली आणि खाली आणली.

गॅरेजात आल्यावर हणमंतनं विचारलं, "सगळं काढून टाकू? इंजिनसुद्धा?"

"इंजिनाचं काय चुकलं? अंगानं जड आहे, एवढंच. त्याला खाली बसायला जागा दे."

काम आठवडाभर चाललं. हणमंत गॅरेजातच झोपायचा. उस्तादांना आता गाडीखाली जाता येत नव्हतं. ते स्टुलावर बसून सांगायचे, तेही मोजकं. ठोकळे निघाले. मोठी चाकं निघाली. इंजिनाचे पाय बदलून ते थोडं खाली आणि थोडं मागं सरकवलं. जड बॅटरी आणि जादा चाक पुढून काढून मागं नेलं. पुढचे भरमसाट पाटे उतरवून त्या वजनाला साजतील एवढेच ठेवले. गाडी उंच करताना पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बिघडला होता, तो पाचर मारून सरळ केला.

प्रत्येक नट सोडताना हणमंतला आठवायचं, हा आपण किती हौसेनं आवळला होता. कधी कधी तो पाना हातात धरून नुसताच बसायचा. उस्ताद घाई करायचे नाहीत. त्यांनाही दुपारी बसल्या जागी डुलकी लागायची.

शेवटच्या दिवशी हणमंत एकटाच घाटात जाऊन आला. येऊन त्यानं गाडी शेडपुढं उभी केली आणि उतरला. आता उतरायला उडी मारावी लागली नाही.

"वळते?" उस्तादांनी विचारलं.

"वळते."

तो गाडीकडे बघत उभा राहिला. रस्त्यानं भाजीचा एक टेम्पो गेला, त्यामागून विटांचा ट्रक. त्यातल्या एकाही माणसानं त्याच्या गाडीकडे मान वळवली नाही.

...

"उस्ताद, आता ही चार गाड्यांसारखीच दिसते."

गनी उस्ताद साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

"मग घरी पोचेल."