न बांधलेली गाठ

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात, तुमच्या-आमच्या कितीतरी आधी, एक रंगारीण राहत होती. तिच्या कढईतून निघालेलं लुगडं दहा पावसाळे विटत नसे. कपडा हातात घेतला की ती तो उन्हात धरायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "डाग कुठे आहे ते आधीच सांगा. तेलाचा असो, तुपाचा असो. आधी सांगितलात तर काढता येतो. कढईत गेल्यावर सांगाल तर ब्रह्मदेवही काही करू शकणार नाही."

गिऱ्हाइकं ओशाळायची, पण सांगायची. एवढी शहाणी बाई! पण तिचं हे शहाणपण कपड्यांपुरतंच होतं, हे पुढे कळेलच.

तिचा नवरा बैलांवर कापड लादून बाजारोबाजार फिरायचा. माणूस वाईट नव्हता. तिखट होता. तीही काही कमी नव्हती. दहा वर्षं दोघं भांडली, मग भांडायचाही कंटाळा आला, आणि वेगळं व्हायचं ठरलं. कढया तिच्या, बैल त्याचे. त्यावर फारसा वाद झाला नाही. पण सात वर्षांची केसर वाटायची कशी? तो म्हणाला, मुलगी माझ्याकडे राहील. ती म्हणाली, माझ्याकडे. शेवटी प्रकरण न्यायसभेत गेलं.

त्या राज्यात एक जुनी रीत होती. घरातला तंटा असेल तर नवरा-बायकोने सभेत स्वतः बोलायचं नाही. कारण उघड होतं. पूर्वी बोलू देत असत, तेव्हा सकाळी सुरू झालेलं भांडण दिवस मावळला तरी संपत नसे, आणि न्यायाधीश उपाशी राहत. म्हणून दोघांच्या वतीने वकील बोलत. ज्याला कुणी ओळखीचं नाही त्याला दरबारातून वकील मिळे. दोघांनी फक्त विचारलं तर 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं.

वकिलाकडे एक पांढरी दोरी असे. आपल्या माणसाने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची त्यात एक गाठ पडे. मग दोरीच्या टोकाला लाखेची मोहर लागे. सभेत वकील एकेक गाठ सोडत बोलायचा. जिची गाठ नाही ती गोष्ट त्याला बोलता येत नसे, तिच्यासाठी साक्षीदारही बोलावता येत नसे.

रंगारणीला एक म्हातारी वकीलबाई मिळाली. तिने पहिल्यांदा उठून दाराला कडी घातली.

"पोरी, या दाराच्या आतलं तुझ्या मर्जीशिवाय बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "चांगलं सांग, वाईट सांग. वाईट आधी सांगितलंस तर बरं."

रंगारणीने सांगायला सुरुवात केली. केसरला रोज न्हाऊ-माखू कोण घालतं, तिला अक्षरं कुणी शिकवली, हळदीत रुमाल बुडवायला कुणी शिकवलं. ती बोलत होती आणि दोरीत गाठी पडत होत्या. सात गाठी झाल्या.

रीतीप्रमाणे वकीलबाईने तीनदा विचारलं. "अजून काही?"

"नाही."

"अजून काही?"

रंगारणीच्या मनात श्रावण उभा राहिला. त्या दिवशी भांडण पेटलं होतं. नवरा म्हणाला होता, "चालती हो!" आणि ती रागाने खरंच चालती झाली होती, नदीपलीकडे माहेरी. निघताना तिने केसरच्या कपाळाला हात लावला होता. कपाळ कोमट लागलं होतं. तरीही ती गेली होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोर तापाने फणफणली आहे. ती धावत घाटावर आली तर नदीला पूर, नावा बांधलेल्या. दिवसभर ती पाण्याच्या काठी बसून नावाड्याच्या विनवण्या करत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने जिवावर उदार होऊन तिला पलीकडे आणलं. पुढे नऊ दिवस ती पोरीच्या अंथरुणापासून हलली नव्हती.

हे सांगावं का? शेजारणीने कालच बजावलं होतं, "अगं, ते बोलू नकोस. नवराही काढणार नाही. 'चालती हो' कोण म्हणालं, तोच ना? आणि वकीलबाईंना कशाला कळायला हवं? त्यांच्या मनातून उतरलीस तर त्या काय जोराने बोलणार तुझ्यासाठी?"

"अजून काही?" वकीलबाईने तिसऱ्यांदा विचारलं.

रंगारणीने आपल्या निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

दोरीला मोहर लागली.

न्यायसभा घाटावरच्या दगडी मंडपात भरली. अर्धा गाव पायऱ्यांवर बसला होता. केसर आत्याच्या मांडीवर होती. वकीलबाईने सातही गाठी एकेक करून अशा सोडल्या की बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. रंगारणीला वाटलं, आपण जिंकलो.

मग नवऱ्याचा वकील उठला. त्याने पहिलीच गाठ सोडली. "मुलगी तापाने आजारी असताना ही आई तिला टाकून माहेरी निघून गेली. दोन रात्री परतली नाही."

मंडपात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हे खरं का?"

हो की नाही, एवढंच बोलायचं होतं. "हो," ती म्हणाली.

न्यायाधीश वकीलबाईकडे वळले. "यावर आपलं काही म्हणणं?"

म्हातारीने दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. कुठेच काही नव्हतं. तिचा हात थांबला. तिकडे पायऱ्यांवर बसलेला नावाडी अर्धवट उठला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण त्याला कुणीच बोलावलं नाही, आणि तो पुन्हा खाली बसला. रंगारणीने त्याला उठताना पाहिलं आणि बसतानाही पाहिलं.

"नाही," वकीलबाई म्हणाली.

निकाल लागला. पुढची सभा सहा महिन्यांनी, तोवर मुलगी वडिलांकडे. केसर बापाचं बोट धरून निघाली. दहा पावलांवर जाऊन तिने मागे वळून विचारलं, "आई, तू नाही येणार?"

मंडप रिकामा झाल्यावर ती वकीलबाईच्या पायाशी बसली. झालं ते सगळं तिने आता सांगितलं. म्हातारी रागावेल असं तिला वाटलं होतं. ती रागावली नाही, फक्त फार थकलेली दिसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. तुम्ही मला वाईट आई समजाल, असं वाटलं."

"समजले असते तर एकटी मी समजले असते. दाराला कडी होती. आता सगळा गाव तसं समजला, आणि तेही अर्धंच ऐकून."

दुसऱ्या दिवशी एक आजोबा उपरणं रंगवायला घेऊन आले. सवयीने रंगारणीने ते उन्हात धरलं. "आजोबा, डाग कुठे आहे ते आधीच..." एवढं म्हणाली आणि पुढचं तिला बोलवेना. ती कढईशेजारी खाली बसली आणि हमसून हमसून रडली. आजोबा बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, आपल्या उपरण्यात असं काय निघालं!

सहा महिने तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सुरुवातीला आठवड्यातून एकदा ती नवऱ्याच्या दारावर जायची, घटकाभर केसरला मांडीवर घ्यायची आणि परत यायची. पुढे नवरा केसरला घेऊन बाजारोबाजार फिरायला निघाला आणि तेवढंही बंद झालं.

मग वकीलबाईने नवी दोरी काढली, दाराला कडी घातली. या वेळी रंगारणीने पहिली गोष्ट श्रावणाचीच सांगितली.

"कपाळ कोमट लागलं होतं," ती म्हणाली. "ते मला कळलं होतं, बाई. तरी मी गेले. तेही बांधा."

म्हातारीने गाठ घट्ट ओढली.

सभेत वकीलबाईने समोरच्याची वाट पाहिली नाही. तीच गाठ तिने सगळ्यांत आधी सोडली. चूक चूक म्हणूनच सांगितली आणि नावाड्याला पुढे बोलावलं. नावाडी म्हणाला, "महाराज, मी आयुष्यभर नाव चालवतोय. त्या पुरात मला पैशाने कुणी पाण्यात उतरवलं नसतं. ही बाई दिवसभर काठावर बसून होती. पाणी हिच्या गुडघ्यापर्यंत चढलं तरी उठेना. म्हणून नाव सोडली."

न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, "'चालती हो' असं तुम्ही म्हणाला होतात का?"

"हो," तो म्हणाला.

केसर आईकडे राहील आणि दर महिन्याला आठ दिवस वडिलांकडे जाईल, असा निकाल झाला. नवऱ्याने मान डोलावली. पोरगी त्याचीही लाडकी होती.

केसर धावत आली. केवढी उंच झाली होती! तिने तोंड उघडून दाखवलं. "आई, बघ ना, पुढचे दोन्ही दात पडले. बाबांनी कौलांवर टाकले. आता नवे आलेत."

रंगारणीने तिची हनुवटी वर केली आणि ते नवे, करवतीसारखे दात नीट पाहिले. पडलेले दात तिने पाहिले नव्हते. पोर परत मिळाली, पण ते सहा महिने परत करायला कोणताच न्यायाधीश बसलेला नव्हता.

तात्पर्य: जो आपल्यासाठी चारचौघांत उभा राहणार आहे, त्याला आपली चूक बंद दाराआड आधीच सांगावी. ती आपण सांगितली तर पूर्ण सांगितली जाते. समोरच्याने सांगितली तर अर्धीच.