नकाशातली कलिंगडाची वाडी

धरणाचे दरवाजे सहाला उघडणार होते आणि दुपारचे तीन वाजले तरी प्रांतसाहेबांची बैठक काही संपेना. साहेबांनी पडद्यावरच्या नकाशात एक निळी रेघ दाखवली. "संगणकानं शोधलेला सगळ्यात जवळचा रस्ता! नदीकाठची अख्खी भोईगल्ली वीस मिनिटांत टेकडीवरच्या शाळेत पोहोचेल."

ती रेघ पाहून त्याच गल्लीतल्या सारजाबाई भोई उठल्या. "साहेब, रेघेशेजारी हिरवे चौकोन दिसतात ना, ती माझी कलिंगडाची वाडी. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही पात्रातच वाडी लावतो. हा रस्ता नाही, कलिंगडं नेणाऱ्या ट्रॅक्टरची चाकोरी आहे."

"बाई, हा उपग्रहाचा फोटो आहे," साहेब कडाडले. "उपग्रह खोटं बोलत नाही!"

"फोटो कधीचा, साहेब?"

"एप्रिलचा."

"मग उपग्रहाचं खरंच आहे," सारजाबाई म्हणाल्या. "तेवढं पुरालाही एप्रिलमध्येच यायला सांगा."

बाहेर पाऊस कोसळत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते पडद्यापुढून बाजूला झाले.

"या बाई. टेकडीची वाट तुम्हीच दाखवा."