न गोठणारं तळं

"तळं अजून गोठलं कसं नाही?" सर्जेराव महाराज गरजले.

आठ दिवस ते अंगावर तीन शाली घेऊन काठावर बसले होते. उत्तरेकडच्या एका प्रवाशानं त्यांना सांगितलं होतं, की तिकडे थंडीत तळी दगडासारखी होतात. लोक त्यांवर चालत जातात, भोक पाडतात, गळ सोडतात आणि शेगडीजवळ बसून मासे काढतात. महाराजांना तस्सेच मासे हवे होते!

दिवाणजी पुढे झाले. "महाराज, तळ्याचा दोष नाही. हे भोई दिवसभर जाळी फिरवतात, पाणी ढवळतात. त्याला गोठायला उसंत कुठे मिळते?"

"अस्सं! सोमवारी सकाळपर्यंत तळं गोठलं नाही, तर जाळी जाळा आणि भोयांना काठावरून हुसकून लावा!"

म्हातारा मल्हारी भोई मटकन खाली बसला. "तानके, आता गं काय? जाळ्याशिवाय आपण खायचं काय?"

"बाबा, आधी सोमवार तर उजाडू दे," त्याची मुलगी म्हणाली.

सोमवार उजाडला. सगळा गाव काठावर जमला. कुडकुडत महाराज आले आणि पुढे उभ्या असलेल्या तानकीला म्हणाले,

"काय गं, गोठलं का?"

तानकी वाकून म्हणाली, "ते आम्ही कसं सांगावं, महाराज? थंडीतलं पहिलं जाळं टाकायच्या आधी पाण्यात पहिलं पाऊल धन्याचं, ही आपल्या तळ्याची रीत! आपण मधोमध चालत जावं. गोठलं असेल तर तिथंच भोक पाडावं."

"आणि नसेल तर?"

"तर ते आपल्यालाच सगळ्यांत आधी कळेल!"

महाराजांनी पाऊल उचललं. पाण्याकडे पाहिलं. पाऊल जागच्या जागी ठेवलं.

"दिवाणजी, आमच्या वतीनं तुम्ही चला!"

दिवाणजींनी डोळे मिटून पाय टाकला आणि धपकन पागोट्यासकट आत गेले! भोयांनी त्यांना ओढून काढलं, तेव्हा पागोट्यातून एक मरळ मासोळी उडी मारून परत पाण्यात गेली.

"न... नाही गोठलं!" दिवाणजींचे दात वाजत होते.

"म्हणजे हुकूम मोडला!" महाराज कडाडले. "जाळी आणा इकडे!"

"आणते, महाराज," तानकी म्हणाली. "पण एक विचारू? उत्तरेत धन्यानं आधी चालायची रीत आहे का?"

"प्रवासी तसं काही बोलला नाही."

"आपल्याकडे आहे! तळं गोठलं, की दर साली आपल्याला त्यावर चालावं लागणार. कुठं जाड, कुठं पातळ, वरून काय कळतंय? मधोमध कडकन मोडलं, तर आम्ही धनी कुठून आणायचा? म्हणून तर आम्ही दिवसभर पाणी ढवळतो! जाळ्यांमुळंच गोठत नाही, हे दिवाणजींनीच सांगितलंय की!"

महाराजांनी निथळणाऱ्या दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी शिंकत मान डोलावली. दुसरं करणार काय?

महाराज खो खो हसत सुटले. "पोरी, तू आमचा जीव वाचवलास! आजपासून हे तळं भोयांचं, पिढ्यान्‌पिढ्या! पण खबरदार, ते कधी गोठता कामा नये!"

"जी महाराज! थंडीत डोळ्यांत तेल घालून राखू. फक्त वैशाखात जरा सुट्टी द्या!"

महाराज इतके हसले, की तिन्ही शाली गळून पडल्या. त्यांतली सगळ्यांत जाड शाल त्यांनी तानकीच्या खांद्यावर घातली. दिवाणजी मात्र त्या शालीकडे बघतच राहिले.